वेगळे राहायचे ठरले, तर कायदा काय म्हणतो?

पती-पत्नी एका घरात राहत नाहीत, एवढ्यावरून कायद्याच्या दृष्टीने त्यांचे लग्न जराही सैल होत नाही. एक ग्वाल्हेरला आणि दुसरा पुण्याला अशी दहा वर्षे गेली तरी दोघेही विवाहितच राहतात. वारसाहक्क कायम राहतो, पोटगीची जबाबदारी कायम राहते, आणि कोणी दुसरे लग्न केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आम्ही आता वेगळे झालो’ हे वाक्य नातेवाइकांना सांगण्यापुरते ठीक आहे. बँक, विमा कंपनी आणि न्यायालय यांना कागद लागतो.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी कायमची वसवली, तेच आजचे लष्कर. त्या वेळेपासून इथे मराठी घरे आहेत आणि त्यांच्या सोयरिकी पुणे, नागपूर, इंदूर, बडोदा अशा लांबवर जुळत आल्या आहेत. त्यामुळे बिनसल्यावर पहिला प्रश्न पडतो तो अर्ज करायचा कुठे हा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जिथे राहतो, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात एक मोठी सोय झाली: अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही अर्ज चालतो. म्हणजे नागपूरला माहेरी परतलेल्या स्त्रीला प्रत्येक पेशीसाठी ग्वाल्हेरची गाडी धरायची गरज नाही. मात्र पतीने आधीच ग्वाल्हेरच्या कुटुंब न्यायालयात दावा लावला असेल, तर तो महाराष्ट्रात हलवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयातच जावे लागते, कारण दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या उच्च न्यायालयांखाली येतात. ग्वाल्हेरच्या न्यायालयाचे कामकाज हिंदीत चालते. मराठी पत्रे किंवा मोबाइलवरचे मराठी संदेश पुराव्यात द्यायचे असतील, तर त्यांचे हिंदी भाषांतर आधीच करून ठेवलेले बरे.

कुटुंब न्यायालये १९८४ च्या कायद्याने आली. तिथे न्यायाधीशाचे पहिले काम समेटाचा प्रयत्न करणे हे असते. दोघांपैकी एकानेही मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड होते. वकील हा हक्क म्हणून उभा करता येत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते.

कायदेशीररीत्या वेगळे होण्याचे दोन मार्ग आहेत. न्यायिक विभक्ततेत लग्न टिकते, पण एकत्र राहण्याचे बंधन सुटते. घटस्फोटाने लग्नच संपते. दोन्हींसाठीची कारणे १९७६ पासून जवळपास सारखीच आहेत: क्रूरता, दोन वर्षे सोडून जाणे, व्यभिचार, धर्मांतर वगैरे. लग्नाला वर्ष झालेले नसताना घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतला जात नाही, विभक्ततेचा मात्र करता येतो. विभक्ततेचा हुकूम झाल्यावर वर्षभरात दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत, तर कोणालाही त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पत्नी वेगळी राहत असताना पतीने तिच्या संमतीविना शरीरसंबंध ठेवला तर तो गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ६७ मध्ये त्याला दोन ते सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, आणि त्यासाठी न्यायालयाचा हुकूम झालेला असण्याची अट नाही.

क्रूरतेच्या बाबतीत पुण्याच्या एका मराठी जोडप्याचा, दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो. लग्न १९५६ चे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७५ चा. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी पत्नीचे वागणे क्रूरतेत मोडते असे मानले, तरीही पतीचा अर्ज फेटाळला. त्या प्रसंगांनंतरही दोघांचा संसार चालू राहिला होता, म्हणजे पतीने ते सारे माफ केले असे ठरले. भांडण झाले, मिटले, पुन्हा झाले असा ज्यांचा संसार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. जवळ येण्याचाही कायदेशीर अर्थ लावला जातो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते स्टॅम्प पेपरवर परस्पर केलेल्या लिखापढीने. दोन्हीकडची वडीलमंडळी बसतात, नोटरीकडून शिक्का मारून आणतात, आणि मजकूर असतो: ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत, एकमेकांकडे कसलीही मागणी नाही.’ हा कागद घटस्फोट नव्हे. काही जातींमध्ये काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने तिला जागाही ठेवली आहे. पण अशी रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आली आहे हे न्यायालयात मांडून सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका जाधव कुटुंबाच्या प्रकरणात बजावले. त्याहून मोठा धोका पोटगीचा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. त्यातच लिहिले आहे की दोघे परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. समजूतदारपणे, वाद न वाढवता केलेली सही नेमकी तिच्याच अंगावर येते. न्यायालयातून संमतीने घटस्फोट घेतला असेल तर ही अडचण येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे. तेव्हा वेगळे होण्याचे कारण मारहाण, छळ किंवा दुर्लक्ष हे असेल, तर ते कागदावर स्पष्ट आले पाहिजे, ‘राजीखुशी’ या शब्दाआड झाकता कामा नये. मुलांच्या पोटगीचा हक्क तर आईबापांना सोडूनच देता येत नाही.

पोटगीच्या कायद्याचे दोन मोठे टप्पे ग्वाल्हेरकरांच्या ओळखीच्या शहरांतून आले आहेत. इंदूरच्या शाहबानो यांना १९७९ मध्ये खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये दिले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ मध्ये चंद्रचूड यांच्याच घटनापीठाने कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू असल्याचे सांगितले. त्यानंतर घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याने उठलेला वाद बराच लांबला, पण घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला या कलमाचा आधार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. दुसरा टप्पा नागपूरचा. तिथल्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० साली असे ठरले की दोघांनीही आपल्या मिळकतीचे शपथपत्र द्यायचे. पगार, बँकखाती, मुदतठेवी, भविष्यनिर्वाह निधी, जमीन, कर्जाचे हप्ते आणि अवलंबून असलेली माणसे, सारे त्यात येते. पोटगी निकालाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजायची. हिंदू विवाह कायद्याखाली कमाई नसलेला पतीही पत्नीकडे पोटगी मागू शकतो.

घराच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक मानली जाते. ग्वाल्हेरला किंवा महाराष्ट्रात तसे नाही. घर ज्याच्या नावे, मालकी त्याची. मालकी नसली तरी राहण्याचा हक्क असू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली स्त्रीला सामाईक घरात राहण्याचे संरक्षण मागता येते, आणि ते घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावे असले तरी, असे २०२० च्या निकालाने ठरले. लष्करातल्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यात नांदलेल्या सुनेला हा निकाल उपयोगी पडणारा आहे. स्त्रीधन सर्वस्वी तिचे असते आणि सासरी ठेवलेले दागिने ही केवळ ठेव असते, हे १९८५ पासून पक्के आहे. अडचण येते ती पुराव्याची. पाटल्या, तोडे, लॉकरमधला हार यांची यादी, सराफाच्या पावत्या आणि लग्नातले फोटो घर सोडण्यापूर्वी हाताशी असावेत.

मुलांच्या ताब्याचा निर्णय त्यांच्या हिताकडे पाहून होतो, आईबापांच्या चुका मोजून नव्हे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. त्यापुढे शाळा, घरचे वातावरण आणि कळत्या मुलाचे मत विचारात घेतले जाते. ज्याच्याकडे मूल नाही त्याच्या भेटींचे दिवस, सुट्ट्या, फोनची वेळ हे सगळे हुकुमात तपशिलाने लिहून घ्यावे. ‘सोयीनुसार भेटावे’ एवढेच लिहिले तर पुढे त्यावरूनच भांडणे होतात.

दोघांचे एकमत असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा, म्हणजे संमतीने घटस्फोटाचा, मार्ग सर्वांत सरळ आहे. आधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पती-पत्नीचे नाते थांबले असेल तर एकाच छताखालचे वेगळेपणही यात धरले जाते. पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करायचा. समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुले यांचा निकाल आपसांत लागला असेल, तर न्यायालय सहा महिन्यांची ही वाट माफ करू शकते, असे २०१७ मध्ये ठरले. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली रक्कम एकदम न देता काही पहिल्या आणि काही शेवटच्या पेशीला द्यायची, अशी वहिवाट वकिलांनी पाडली आहे, आणि ती दोघांच्याही हिताची आहे.

खटला चालू असताना नामनिर्देशने आपोआप बदलत नाहीत. मृत्युपत्र न करता पती वारला, तर पंधरा वर्षे वेगळी राहिलेली पत्नीही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वारस ठरते. दोघांच्या नावे घेतलेल्या गृहकर्जाचे हप्तेही बँक दोघांकडून वसूल करू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घटस्फोटाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे, दोन न्यायाधीशांसमोर चालते. अपिलाची मुदत उलटेपर्यंत, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही.