जाम चौरस्त्यावरून विमानतळावर निघालात? लाउंजच्या दारात जाण्याआधी एवढं वाचा

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं जाम म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो चौरस्ता. एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. ट्रॅव्हल्स, ट्रक, एसटी, सगळं इथूनच जातं. इथल्या माणसाला प्रवास नवा नाही, पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट बदललीय. पोरगं पुण्यात नाहीतर बंगळुरूत नोकरीला लागलं की आईबाबांना कधीतरी विमानाचं तिकीट येतंच.

आता गणित बघा. जामपासून नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ पन्नास-साठ किलोमीटरवर. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचं काम. पण बुटीबोरीजवळ ट्रकांची रांग लागली की तासाचा दीड तास कधी होतो कळत नाही. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणून घरचे म्हणतात, 'लवकरच निघा बाप्पा.' सकाळी आठच्या विमानासाठी चारलाच गाडी काढली जाते. माणूस साडेपाचला विमानतळावर हजर, आणि पुढचे अडीच तास करायचं काय, हा प्रश्न.

इथंच समोर दिसतो लाउंज. गादीच्या खुर्च्या, गरम नाश्ता, चहा-कॉफी, वायफाय. आणि इन्स्टाग्रामवर कुणीतरी सांगितलेलं असतं की फक्त २ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. हे खरंय का? अर्धं खरंय. उरलेलं अर्धं समजून घेऊ.

लाउंज ही भानगड आली कुठून?

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर 'ॲडमिरल्स क्लब' सुरू केला. विमान कंपनीचा पहिला लाउंज म्हणून त्याचंच नाव घेतात. तेव्हा तो कंपनीच्या खास पाहुण्यांसाठी होता. पुढं महागड्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांना आत सोडू लागले. १९९२ मध्ये 'प्रायॉरिटी पास' आला आणि कुठल्याही कंपनीचं तिकीट असलं तरी सभासद वेगवेगळ्या लाउंजमध्ये जाऊ शकतो, ही सोय झाली.

भारतात याला गर्दीचं रूप दिलं ते बँकांच्या कार्डांनी. ग्राहक ओढायचे म्हणून क्रेडिट कार्डावर, नंतर डेबिट कार्डावरही मोफत लाउंज भेटी देण्यात आल्या.

ते २ रुपये नेमके कशाचे?

लाउंजच्या दारात तुमचं कार्ड मशीनला लावतात आणि २ रुपये कापतात. काही कार्डांवर ही रक्कम २५ रुपयांच्या आसपास असते. ही जेवणाची किंमत नाही. कार्ड चालू आहे का आणि तुमची मोफत भेट शिल्लक आहे का, एवढं तपासण्यासाठीचा तो व्यवहार असतो.

तुमच्या भेटीचे खरे पैसे मागून बँक किंवा कार्डाची कंपनी लाउंज चालवणाऱ्याला देते. बहुतेक वेळा मध्ये एक मध्यस्थ कंपनी असते. म्हणजे नाश्ता फुकट नसतो, त्याचं बिल दुसरीकडे जातं. भेटी वाढल्या, बिलं फुगली आणि बँकांनी हात आखडता घेतला.

२०२३ च्या शेवटी आणि २०२४ मध्ये मोठ्या बँकांनी नवी अट आणली. मागच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च केला असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज मोफत. काही कार्डांवर ही अट ३५ हजारांची होती, काहींवर ७५ हजारांची, काहींवर थेट १ लाखाची.

दुसरा धक्का २०२५ मध्ये बसला. भारतातल्या लाउंज व्यवहारात ड्रीमफोक्स ही मध्यस्थ कंपनी मोठं नाव होती. १६ सप्टेंबर २०२५ पासून तिनं देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. बँकांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी जे कार्ड चाललं होतं, ते आज त्याच दारात चालेलच असं नाही. जुना रील बघून भरवसा ठेवू नका.

तुमच्या खिशातलं कार्ड चालेल का?

सगळ्यात आधी पाकिटातलं कार्ड बाहेर काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते बघा. जनधन खात्याच्या साध्या रुपे कार्डावर लाउंज मिळत नाही. रुपे प्लॅटिनम डेबिट कार्डावर अनेक बँका तिमाहीला एक देशांतर्गत भेट देतात. वरच्या श्रेणीच्या क्रेडिट कार्डांवर जास्त भेटी असतात. पण अटी बँकेगणिक बदलतात, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून पाच गोष्टी विचारा.

१. माझ्या कार्डावर या तिमाहीत किती भेटी शिल्लक आहेत?

२. खर्चाची अट आहे का, आणि ती पूर्ण झालीय का?

३. यादीत नागपूरचा लाउंज आहे का? यादीत मुंबई-दिल्ली असून नागपूर नसेल तर जाताना उपयोग नाही, फार तर येताना होईल.

४. मोफत भेट फक्त माझी की सोबतच्या माणसाचीही?

५. कार्ड दाखवायचं की ॲपवरून आधी कोड काढायचा?

चौथा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण एकटे कमी आणि कुटुंबासकट जास्त फिरतो. बहुतेक कार्डांवर फक्त कार्डधारकच मोफत आत जातो. नवरा-बायको आणि दोन लेकरं असतील तर उरलेल्या तिघांचे पैसे भरावे लागतात. दोन वर्षांखालचं मूल साधारणपणे मोफत असतं, त्यावरच्या मुलाला पैसे लागू शकतात. माणशी हजार-दीड हजाराचा हिशेब लावला तर तिघांच्या नाश्त्याला तीन-साडेचार हजार. एवढ्यात अख्ख्या घराचा महिन्याचा किराणा येतो.

आत जाताना काय लागतं?

बोर्डिंग पास, ज्याच्या नावावर बोर्डिंग पास आहे त्याचंच कार्ड, आणि ओळखपत्र. पोराचं कार्ड घेऊन बाबा आत जाऊ शकत नाहीत. इथं बऱ्याच घरांची फसगत होते. पोरगं पुण्यातून म्हणतं, 'माझं कार्ड घेऊन जा,' आणि दारात बाबांना परत फिरावं लागतं. लोकांसमोर ओशाळल्यासारखं होतं ते वेगळंच. आईबाबांना लाउंज द्यायचाच असेल तर त्यांच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढता येतं का आणि त्यावर लाउंजची सवलत लागू आहे का, हे आधी विचारा.

लाउंज बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतो. साधारण विमानाच्या दोन-तीन तास आधीपासून आत घेतात आणि बसण्यालाही तेवढीच मर्यादा असते. बऱ्याच लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा ऐकू येत नाही. गादीच्या खुर्चीत डोळा लागला आणि गेट बंद झालं, तर तिकिटाचे पैसे गेले. मोबाइलवर गजर लावूनच बसा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. काही कार्डांसोबत मिळणारा प्रायॉरिटी पास फक्त भारताबाहेर मोफत असतो. तोच भारतात दाखवला की डॉलरमध्ये बिल लागतं, आणि ते महिनाभरानं कळतं.

लाउंजच्या नादात खातं रिकामं झालं तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरू विमानतळावर एका प्रवासी महिलेकडे कार्ड सोबत नव्हतं, मोबाइलमध्ये फक्त त्याचा फोटो होता. तिनं सांगितल्यानुसार लाउंजच्या प्रवेशासाठी म्हणून तिला एक ॲप डाउनलोड करायला लावलं. ती लाउंजमध्ये गेलीच नाही. पुढं तिच्या कार्डावरून ८७ हजारांपेक्षा जास्त रक्कम गेली.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीनं 'लाउंज पास' नावाच्या बनावट ॲपचा माग काढला. हे ॲप मोबाइलमधले एसएमएस वाचून चोरांकडे पाठवायचं. म्हणजे बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांच्या हातात. क्लाउडसेकच्या माहितीनुसार २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साधारण ४५० प्रवाशांनी ते घेतलं होतं आणि ९ लाखांहून अधिक रुपये चोरीला गेले.

म्हणून नियम सोपा ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून लाउंजचं कुठलंही ॲप घेऊ नका. बँकेचं स्वतःचं ॲप अधिकृत स्टोअरमधून घेतलेलं असावं. लाउंजच्या ॲपनं एसएमएस वाचायची किंवा स्क्रीन दाखवायची परवानगी मागितली तर तिथंच थांबा. तुमचे फोन दुसरीकडे वळवले गेलेत का, हे *#२१# डायल करून बघता येतं. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन लावा आणि बँकेला कार्ड बंद करायला सांगा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

लाउंज नसेल तर काय बिघडलं?

खरं सांगायचं तर काहीच नाही. लाउंजसाठी म्हणून खर्चाची अट पूर्ण करायला नको असलेली खरेदी करणं हा सगळ्यात महाग नाश्ता. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचं गणित केलं तर ते चाळीस टक्क्यांच्या पलीकडे जातं.

घरून डबा न्या. पोळी-भाजी, ठेचा, चिवडा सुरक्षा तपासणीत अडत नाही. फक्त पातळ पदार्थ जपून, आणि पाण्याची बाटली रिकामी न्या, आत भरता येते. सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू केला, तिथं १० रुपयांत चहा आणि २० रुपयांत समोसा ठेवला. पुढं आणखी काही विमानतळांवर तो आला. तुमच्या वाटेवर असेल तर जरूर शोधा.

आणि एक हक्क लक्षात ठेवा, जो कुठल्याच कार्डावर अवलंबून नाही. नागपूर-मुंबई किंवा नागपूर-पुण्यासारख्या अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर विमान कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. डीजीसीएचा तसा नियम आहे. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडायची मुभा प्रवाशाला असते. हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. काउंटरवर जाऊन शांतपणे मागायचं.

थोडक्यात, कार्डावर भेट शिल्लक असेल, एकटे असाल आणि हातात दोन तास असतील तर लाउंजमध्ये जरूर जा, तो तुमचा हक्कच आहे. कुटुंब सोबत असेल तर खिसा बघून ठरवा. आणि आईबाबा पहिल्यांदाच विमानानं निघाले असतील, तर त्यांना कार्डाच्या भरवशावर सोडण्यापेक्षा त्यांच्या पिशवीत डबा द्या आणि गेट क्रमांक कुठं दिसतो ते फोनवर नीट समजावून सांगा.