रक्ताच्या थेंबातील पूर्वसूचना

शेतात पीक डोलू लागले म्हणजे शेतकऱ्याची चिंता सरत नाही. धान्य कणगीत पडेपर्यंत त्याला राखण करावी लागते. मूलपेशींच्या रोपणाचेही असेच आहे.

आपल्या दादरा-नगर हवेलीतील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, हे सिल्वाशाच्या आम्हां विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो मुळापासून बरा करू शकणारा एक उपचार म्हणजे मूलपेशींचे रोपण. अस्थिमज्जेतील रक्त निर्माण करणाऱ्या पेशी त्या मूलपेशी. रोग्याच्या सदोष मूलपेशी औषधांनी नष्ट करून निरोगी दात्याच्या पेशी शिरेवाटे देतात. भारतात असे रोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रोगी होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी. दाता तिचा भाऊ.

दात्याच्या पेशी रोग्याच्या देहावर उलटू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती काही काळ दाबून ठेवावी लागते. ही संधी एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू साधतो. १९६४ साली उजेडात आलेला हा विषाणू शंभरातील नव्वदांहून अधिक प्रौढांच्या देहात जन्मभर निद्रिस्त असतो. त्याचे वसतिस्थान बी नावाच्या पांढऱ्या पेशी. त्याच्यावर पहारा करतात टी पेशी. पहारेकरी दुबळे होताच विषाणूग्रस्त बी पेशी बेसुमार वाढू लागतात. ताप येतो, गाठी उठतात आणि वेळीच उपाय न झाल्यास प्राणांवर बेतते.

हा धोका रोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत विशेष असतो. म्हणून ज्यांना तो अधिक, त्यांचे रक्त साधारणतः दर आठवड्यास तपासतात. विषाणूचा डी. एन. ए. अत्यल्प असला तरी पी. सी. आर. या रीतीने तो हुडकता येतो. कॅरी मलिस यांना ही रीत १९८३ सालीच सुचली! तीत प्रत्येक फेरीस डी. एन. ए. चा तुकडा दुप्पट होतो : एकाचे दोन, दोहोंचे चार. तीस फेऱ्यांनंतर एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. गणितप्रेमींनी पडताळून पाहावे! किती फेऱ्यांनंतर तो दिसू लागला, यावरून मूळ प्रमाण कळते.

विषाणू सापडला म्हणजे रोग जडलाच, असे मात्र नव्हे. प्रमाण आठवड्यागणिक चढू लागले, की डॉक्टर सावध होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे शक्य तितकी कमी करतात, अथवा बी पेशींचा नाश करणारे रिटुक्सिमॅब देतात. रोगाचे पक्के निदान गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते.

मूल हसूखेळू लागले, की नळीभर रक्तासाठी वापीहून मुंबईची गाडी कशाला धरायची, असे घरच्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताप येण्यापूर्वी, गाठ हाताला लागण्यापूर्वी धोक्याची वर्दी देते ती हीच तपासणी. आपल्या शेजारी असा कोणी रोगी असेल, तर आपण एवढे अवश्य सांगावे : पीक आले आहे, पण राखण अजून संपलेली नाही.