लिनक्स कर्नलमधील कमिट संदेशांचे संकेत

सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमधील बदल आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत नोंदवताना त्यासोबत लिहिलेल्या स्पष्टीकरणास कमिट संदेश असे म्हणतात. काय बदलले हे कोडवरून कळते; ते का बदलले, हे मात्र बहुधा या संदेशावरूनच कळते. हजारो विकासकांचा सहभाग असलेल्या लिनक्स कर्नल प्रकल्पाने त्यासाठी लेखी संकेत ठरवले आहेत.

रचना

पहिल्या ओळीत संबंधित उपप्रणालीचे नाव व बदलाचा सारांश असतो. ही ओळ ७० ते ७५ अक्षरांहून मोठी नसावी, असा संकेत आहे. त्यानंतर एक ओळ रिकामी सोडून मूळ अडचण, तिचा वापरकर्त्यांवर होणारा परिणाम आणि योजलेला उपाय यांचे वर्णन करतात.

अखेरच्या नोंदी

जुन्या कमिटमधील दोष दुरुस्त केल्यास ‘फिक्सेस’ या नोंदीत त्या कमिटच्या ओळखचिन्हाची किमान १२ अक्षरे व शीर्षक देतात. त्यामुळे ही दुरुस्ती कोणत्या जुन्या आवृत्त्यांना आवश्यक आहे, हे ठरवता येते.

इ.स. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समध्ये युनिक्सचा कोड वापरल्याचा आरोप करत आयबीएमविरुद्ध दावा दाखल केला. त्यानंतर इ.स. २००४ मध्ये ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही नोंद सुरू झाली. तिच्याद्वारे कोड सादर करण्याचा अधिकार आपल्याला असल्याचे विकासक प्रमाणित करतो.