गाडीत भिजणारी डाळ

सेल्फ-ड्राइव्ह सफारी म्हटलं की डोळ्यांसमोर आफ्रिका येते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात लोक स्वतःची गाडी चालवत हत्ती बघतात आणि संध्याकाळी कुंपणाच्या आतल्या कँपमध्ये स्वतःचं जेवण स्वतः करतात. आमची सफारी साधी होती. बिदरचं घर, पप्पांची जुनी गाडी, उसना तंबू आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोली अभयारण्याबाहेर ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम. हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. कोरड्या प्रदेशातलं, उन्हाळ्यात पार वाळून जाणारं जंगल.

मागच्या मार्चमधली गोष्ट. उपवासकाळातला शुक्रवार, म्हणून बेत वरण-भाताचा. डाळ अर्थातच कलबुर्गीची तूर, जिला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. कुकर घरी राहिला होता. बोअरच्या पाण्यात, वाऱ्यावर फडफडणाऱ्या छोट्या गॅसवर मम्मी दोन तास डाळ ढवळत बसली. तेवढ्यात आम्ही तिघं बांधापलीकडे काळविटांचा कळप बघून आलो. परत आलो तेव्हा डाळ अजून बोटचेपी झाली नव्हती. मम्मी एवढंच म्हणाली, “घरी काय आणि इथं काय, मला गॅसच दिसतो.”

ते वाक्य मला लागलं. म्हणून चूक कुठे झाली ते नीट समजून घेतलं.

पहिलं कारण पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम डाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. डाळ शिजवायलाही पिण्याचं गोडं पाणी घ्यावं आणि ती आधी भिजवावी. आता आम्ही निघतानाच डाळ धुऊन डब्यात भिजत घालतो. बिदरहून चिंचोलीला पोचेपर्यंत दोनेक तास जातात, तेवढ्यात ती फुगते. त्याहून सोपी सालाशिवायची मूगडाळ. तांदूळ, मूगडाळ आणि कोरडा मसाला घरीच एकत्र करून पिशवी भरायची, की तिथे एका पातेल्यात खिचडी होते.

दुसरं कारण वारा. गॅसला पत्र्याचा आडोसा करावा, पण सिलिंडर त्या आडोशाबाहेर ठेवावा, नाहीतर तो तापतो. वारा कितीही असला तरी तंबूत किंवा गाडीत शेगडी पेटवू नये. कापड पेट घेतं, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

लाकडाची चूल तर विसराच. मार्चमधलं गवत म्हणजे काडेपेटीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० अभयारण्याला धोका पोचेल अशी आग पेटवायला किंवा तशीच जळती सोडायला मनाई करतं. शेतात मुक्काम असला तरी ठिणगीला हद्द कळत नाही.

पण खरा धडा मिळाला वेळ अमावस्येला. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, अंबील सगळं डोक्यावरून, गाडीतून शेतात येतं. रानात जेवायचं, पण रांधायचं घरी. शेकडो गावांची ही जुनी पद्धत आम्ही कधी कँपला लावूनच पाहिली नव्हती. अर्थात आदली रात्र जागून तो स्वयंपाक बायकाच करतात. म्हणून आम्ही पद्धत घेतली, कामाची वाटणी मात्र बदलली.

या फेब्रुवारीत पुन्हा गेलो. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पप्पांनी बाजारातून आणली; भाकरी कोरडी असल्यानं दिवसेंदिवस टिकते. खिचडीची पिशवी मी भरली. भांडी धाकट्याकडे. ती आधी कागदानं पुसून मग धुतली, त्यामुळे पाण्याचा कॅन पुरला. उरलेलं अन्न शेतात टाकलं नाही, कारण त्या वासानं कुत्री आणि डुकरं येतात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायची सवयही तिथे सोडली. उबेत राहिलेल्या भातात जिवाणू जे विष तयार करतात, ते पुन्हा तापवूनही जात नाही. लागेल तेवढाच शिजवावा.

खिचडी मी चढवली तेव्हा ऊन उतरत होतं. मम्मी पप्पांबरोबर बांधावर गेली. अर्ध्या तासानं आली आणि कळप किती मोठा होता, त्यातला काळा नर कसा उभा होता, हे सांगत राहिली. खिचडी थोडी खाली लागली होती. तिनं दोनदा वाढून घेतली.

तुम्ही निघाल तेव्हा सामानाची यादी जरूर करा. पण तिच्या आधी एक प्रश्न विचारा: संध्याकाळी गॅसपाशी कोण बसणार आहे?