रफार उडी का मारतो?

परभणी-परळी रेल्वेमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचं स्टेशन आहे. गावातलं नृसिंहाचं मंदिर प्रसिद्ध, म्हणून देवाचं नाव गावाला जोडलेलं. वैशाखातल्या नृसिंह जयंतीसाठी कुणी या नावाचा व्हिडिओ करायला घेतला आणि अक्षरं एकेक करून उमटावीत म्हणून ‘टाइपरायटर’ इफेक्ट लावला, की गंमत सुरू होते.

‘पोखर’पर्यंत गाडी बरी चालते. मग ‘र’चा पाय मोडतो. ‘ण’ आला रे आला, की तोच ‘र’ ओळीतून नाहीसा होतो आणि रफार होऊन ‘ण’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘नृसिंह’मध्ये तर आधी ‘स’ उमटतो आणि मागाहून ऱ्हस्व वेलांटी त्याच्या डावीकडे घुसते. शीर्षक मधोमध ठेवलं असेल तर प्रत्येक धक्क्याला अख्खी ओळ सरकते.

यात फॉन्टचा दोष नाही. 1991 साली आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरी साधारण उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते: आधी व्यंजन, मग त्याची मात्रा. ‘पोखर्णी’ संगणकाच्या लेखी सात संकेतांचा शब्द. वाचणाऱ्याला मात्र पो, ख, र्णी अशी तीनच अक्षरं दिसतात. सुटी-सुटी उभी राहणारी रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला इफेक्ट हे सात तुकडे एकेक करून दाखवतो आणि फसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टांत तऱ्हा वेगळी. तिथे मात्रांना स्वतंत्र खण असतो, त्यामुळे वेलांटी आधी येऊन रिकाम्या जागेवर उभी राहते आणि अक्षर मागून येतं.

युनिकोडलाही हे कोडं सोडवायला वेळच लागला. अक्षराच्या सीमा ठरवणाऱ्या त्याच्या सर्वसाधारण नियमांत जोडाक्षर मधोमध तुटत असे. ‘र्णी’चे ‘र्’ आणि ‘णी’ असे दोन भाग पडत. सप्टेंबर 2023 मधल्या 15.1 आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरली. अर्थात, नियम बदलला म्हणून प्रत्येक अ‍ॅप बदललं असं नाही.

तोवर सोपा उपाय आहेच. पॉवरपॉइंटमध्ये अ‍ॅनिमेशनच्या इफेक्ट ऑप्शन्समध्ये ‘बाय लेटर’ऐवजी ‘बाय वर्ड’ निवडावं. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेंज सिलेक्टरचा ‘बेस्ड ऑन’ कॅरेक्टर्सवरून वर्ड्सवर न्यावा. अक्षरांमधलं अंतर वाढवत नेणारे इफेक्ट मराठीला लावूच नयेत. शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा डावीकडून उजवीकडे पडदा सरकावा तसा ‘वाइप’ चांगला, कारण त्याला संकेतांशी देणंघेणं नसतं.

थोडी मेहनत करायची तयारी असेल तर शाळेतल्या पाटीची रीत वापरता येते: आधी अक्षरं, शेवटी वरची रेघ. फॉन्टमध्ये रेघ अक्षरालाच चिकटलेली असते. म्हणून आफ्टर इफेक्ट्समध्ये मजकुराचे शेप करून रेघेचा भाग मास्कने झाकायचा, वेगळ्या थरावर तेवढ्याच जाडीची रेघ काढायची आणि ‘ट्रिम पाथ्स’ने ती ‘पो’पासून ‘र्णी’पर्यंत ओढत न्यायची.