अधिवेशन किती दिवस? घटनेत आकडाच नाही

नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की 'यंदा किती दिवस?' हा वाद ठरलेलाच. गंमत म्हणजे राज्यघटनेत दिवसांचा आकडाच नाही. कलम 174 एवढंच सांगतं की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे कागदोपत्री वर्षातून दोनदा, एकेक दिवस भेटलं तरी चालतं!

महाराष्ट्रात अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी अशी तीन अधिवेशनं भरतात. ती राज्यपाल बोलावतात, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. खरी मेख इथेच आहे: उत्तरं ज्यांनी द्यायची, तारखाही त्यांच्याच हातात. दिवस घटले की प्रश्नोत्तरांचे तास घटतात आणि खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात. म्हणून अधिवेशनं किती झाली ते नको, बैठका किती झाल्या ते मोजा.