वायरचं की बिनवायरचं? कानातल्या गाण्याविषयी थोडं

 

हल्ली गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या की एक प्रश्न हमखास येतो. तो कर्जाचा नसतो, हप्त्याचाही नसतो. "ताई, हेडफोन कोणता घेऊ वो? वायरचा का बिनवायरचा?" रिसोडकडच्या गटात विचारतात, मानोऱ्याकडच्या तांड्यावर विचारतात, वाशीमच्या बाजारात भेटलेल्या मुलीही विचारतात. मी गेली काही वर्षं तिन्ही प्रकार वापरते आहे. एक वायरचा, एक गळ्यात अडकवायचा नेकबँड, आणि एक ते कानात नुसतं बोंड बसवायचं इअरबड. तेव्हा आज त्याबद्दलच बोलू.

आधी हे चालतं कसं ते बघा. वायरच्या इअरफोनचं काम साधं आहे. फोनमधलं गाणं विजेच्या रूपात वायरीतून येतं. कानातल्या बोंडात एक बारीक लोहचुंबक असतं, त्याच्याजवळ तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटलेला पातळ पडदा. वीज कमीजास्त होते तसं वेटोळं हलतं, पडदा थरथरतो, आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. बॅटरी लागत नाही, जोडणी करावी लागत नाही. फोनच्या भोकात खुपसलं की झालं.

बिनवायरच्यातही शेवटी पडदाच थरथरतो. पण त्याआधी बरीच कामं व्हावी लागतात. फोन गाणं आवळून लहान करतो, ब्लूटूथच्या लहरींवर सोडतो. कानातलं यंत्र त्या लहरी पकडतं, आवळलेलं गाणं पुन्हा उलगडतं, मग पडदा हलतो. म्हणजे त्या वाटाण्याएवढ्या बोंडात बॅटरी आहे, रेडिओ आहे आणि एक छोटा संगणकसुद्धा आहे. ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हराल्ड नावाच्या राजावरून पडलं. त्याला 'निळ्या दाताचा' म्हणत. याच्या लहरी एका जागी थांबत नाहीत, सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतात, म्हणून शेजारणीचं गाणं आपल्या कानात घुसत नाही. अशी जागा बदलत संदेश पाठवायच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली अमेरिकेत हेडी लमार या सिनेमातल्या नटीला आणि तिच्या संगीतकार सोबत्याला मिळालं होतं. नटी म्हटलं की लोक तिचा चेहराच बघतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती दुकानदार सांगत नाही. तुम्हाला फोनवर एफएम रेडिओ ऐकायचा असेल, तर वायर लागते. ट्रान्झिस्टरला जशी ओढून लांब करायची दांडी असते, तशी फोनला नसते. फोन इअरफोनच्या वायरीलाच दांडी समजतो. आपल्या सामुदायिक केंद्रांच्या लहरी साधारण तीन-सव्वातीन मीटर लांब असतात. त्या पकडायला लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या थोडी पुढची तार पुरते. इअरफोनची वायर मीटर-सव्वामीटर असतेच. ब्लूटूथच्या बोंडात एवढी तार मावणार कुठे? म्हणून बिनवायरचं घेतलं आणि फोनवर रेडिओ लावला, की बहुतेक फोन 'इअरफोन जोडा' असं सांगून गप्प बसतात.

याचा आपल्याशी काय संबंध, ते लक्षात घ्या. नेटवर गाणं ऐकायला रिचार्ज लागतो आणि रेंज लागते. एफएमला दोन्ही लागत नाही. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर गावात २००८ पासून 'संगम रेडिओ' चालतो. तो दलित बाया स्वतः चालवतात, स्वतःच्या बोलीत बोलतात. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. अशी केंद्रं बायांनी बायांसाठी उभी केली. आणि घरातल्या नव्या फोनमुळे, नव्या इअरबडमुळे तीच ऐकू येईनाशी झाली, तर ते नुकसान आपलंच आहे. फोनमधला रेडिओ बंद करू नका, चालू ठेवा, असं केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये फोन बनवणाऱ्यांना कळवलं होतं. तेव्हा नवा फोन घेताना दुकानातच बघा, की त्यात एफएम आहे का आणि इअरफोनचं गोल भोक आहे का. पोरगा म्हणेल, "आता भोक कोणी वापरत नाही." वापरतो आम्ही, म्हणून सांगा.

आणखी एक. कानाचं बोंड बिघडलेला इअरफोन टाकून देऊ नका. एका बाजूनं आवाज येत नसला, दोन्ही बाजूंनी येत नसला, तरी पिनेजवळची वायर शाबूत असेल तर तो रेडिओची दांडी म्हणून चालतो. पिन फोनमध्ये घाला, रेडिओमध्ये 'स्पीकर' दाबा, वायर गुंडाळून न ठेवता खिडकीशी सरळ सोडा. दहा-बारा बाया बसून एकाच फोनवर कार्यक्रम ऐकू शकतात. आमच्या दोन गटांत असंच चालतं.

आता गाण्याचं. कोणाचा आवाज चांगला? मी एकच भजन तिन्हीवर ऐकून पाहिलं, खंजिरीचं. आपल्या वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घराघरात माहीत आहे, तिच्या चकत्यांची बारीक छुनछुन कानात बसलेली असते. माझ्या साध्या वायरच्या इअरफोनवर ती छुनछुन मोकळी ऐकू आली. माझ्या स्वस्त इअरबडवर ती थोडी विस्कटली, आणि खालचा धुम्म आवाज एवढा वर आला की गाणाऱ्याचा गळा मागे गेला. गाणं आवळताना बारीक आवाजांना चाप बसतो, आणि स्वस्त वस्तू बनवणारे धुम्मवर भर देतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना तेच भारी वाटतं. डीजेच्या गाण्याला ते चालेल. भजनाला, ओवीला, भीमगीताला शब्द ऐकू यायला पाहिजेत. महाग बिनवायरच्यात हा फरक फारसा राहत नाही, पण ते पैसे आपण कुठून आणायचे? आमच्या बाजारात दीड-दोनशे रुपयांत कामापुरता वायरचा मिळतो. बिनवायरच्याला हजाराच्या आसपास मोजावे लागतात, आणि दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी बसते. ती बदलून मिळत नाही. वायरच्याची पिन तुटली तर मोबाईल दुरुस्तीवाला डाग देऊन जोडून देतो.

मग बिनवायरचं कशाला घ्यायचं? कामासाठी. हे मी मनापासून सांगते. भाकरी थापताना, धुणं धुताना, घर सारवताना वायर आडवी येते. पदरात अडकते, काकणात अडकते, फोन ओट्यावरून खाली ओढते. नेकबँड गळ्यात पडून राहतो, कानातून निसटला तरी हरवत नाही. इअरबड मात्र सोयाबीनच्या काडात पडलं तर शोधून दाखवा. म्हणून बिनवायरचं घ्यायचंच असेल तर माझं मत नेकबँडला. त्यात फोन कमरेला खोचला तर मधेमधे आवाज तुटतो, कारण आपल्या अंगातलं पाणी त्या लहरी अडवतं. ज्या बाजूला नेकबँडची जाड गाठ आहे, त्याच बाजूला फोन ठेवा.

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांच्याजवळ मात्र कानात काहीच नको. वायरचं तर मुळीच नको. पदर आणि केस यंत्रात जातात तशीच वायरही जाते, आणि ती गळ्यापाशी असते. बिनवायरचं असेल तर कोणी "बंद कर" म्हणून ओरडलं ते ऐकू येत नाही. निंदायला गेल्यावर एक कान मोकळा ठेवा. सळसळ झाली तर कळली पाहिजे. अकोला-पूर्णा रेल्वेलाईन ओलांडून शेतात जाणाऱ्या बाया आपल्यात आहेत, त्यांनी रुळापाशी येण्याआधीच दोन्ही कान मोकळे करावेत. मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूत खरी नाही. पण ढग गडगडले तर ते ऐकू येऊन घराकडे वळता आलं पाहिजे. आणि फोन चार्जिंगला लावलेला असताना वायरचा इअरफोन कानात घालू नका. चार्जर खराब निघाला तर करंट वायरीतून थेट डोक्यापर्यंत येऊ शकतो.

"बिनवायरच्यानं डोक्याला काही होतं का?" असंही विचारतात. फोन टॉवरशी बोलायला जी ताकद वापरतो, तिच्यापेक्षा ब्लूटूथची ताकद फारच कमी असते. भीती बाळगायची तर मोठ्या आवाजाची बाळगा. कानाच्या आत बारीक केसासारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, पण ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. फोनचा आवाज पूर्ण पट्टीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा. हाताच्या अंतरावरच्या बाईचं बोलणं कळत नसेल, तर आवाज जास्त आहे असं समजा. बसमध्ये किंवा गिरणीशेजारच्या घरात आपण बाहेरचा गोंगाट दाबायला आवाज वाढवत जातो, तिथेच कान जातात. ज्यांचा कान वाहतो त्यांनी बोंडं घालूच नयेत, आणि एकीची बोंडं दुसरीनं घालू नयेत. घाम आला की कोरड्या फडक्यानं पुसा.

एका गावात एक सासूबाई मला म्हणाल्या, "कानात बोंडं घालून बसते, हाक मारली तं आयकूच येत नाही." त्यांची तक्रार मला कळते. त्यांच्या वेळेला गाणं एकटीचं नव्हतंच. जात्यावर दोघी बसायच्या, एक सुरू करायची, दुसरी उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बाया आपल्यासारख्याच शेतकरी, मजूर होत्या. पण सुनेचंही मला कळतं. दिवसभर सगळ्यांचं ऐकून झाल्यावर अर्धा तास तिच्या आवडीचं गाणं तिच्याच कानात वाजलं, तर त्यात कोणाचं काय गेलं? मी सासूबाईंना नेकबँडचं एक बोंड दिलं, एक सुनेकडे राहिलं. घालण्याआधी दोन्ही पुसून घेतली, हे सांगायला नको. बराच वेळ दोघी एकच गाणं ऐकत बसल्या, मग सासूबाई म्हणाल्या, "याहीपेक्षा मले चांगलं येते," आणि गायला लागल्या.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे बोंडं बिघडलेले इअरफोन पडले असतील, त्यांनी ते घेऊन या. फोनला लावून आपलं केंद्र लागतं का, ते तिथेच बघू.